रंगीच्या अंगाला लावलेलं औषध

चिमूरकडच्या त्या गावात शेवटचं घर आशाबाईचं. घरामागं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं शेत, आणि त्याला लागून जंगल. नवरा लटारू तेलंगणात कामाला. घरात उरल्या आशाबाई, चार शेळ्या आणि रंगी नावाची कुत्री. बिबट दोनदा शेळ्यांच्या कोठ्यापर्यंत आला, दोन्ही वेळा रंगीनं भुंकून भुंकून त्याला पळवलं. "माह्या घरचा चौकीदार तेच," आशाबाई म्हणायची. उगाच कौतुक नव्हतं ते.

पावसाळा सरता सरता रंगीच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या भरल्या. आशाबाई वेचायची, पण मेल्या संपतील तर ना! मग रंगीला ताप भरला, तिनं भाकर सोडली, आणि एक दिवस नाकातून रक्त आलं. शेजारचा मुखरू ते पाहून म्हणाला, "गोचिडीचं काम हाय हे. पऱ्हाटीवर मारतो ते औषध देतो, अंगाले चोपड. उशीर नोको करू." उरलेली बाटली त्यानं आणूनही दिली. कपाशीवरची अळी मरते, तिथं गोचीड कोणत्या झाडाचा पाला! आशाबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगीला कानापासून शेपटीपर्यंत चोपडलं.

दुपार व्हायच्या आत रंगी थरथरायला लागली. तोंडातून फेस, पाय वाकडेतिकडे. आशाबाईनं गुरांच्या दवाखान्यातल्या स्वाती मॅडमना फोन लावला. त्या ओरडल्याच, "अहो, विष आहे ते! हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा आणि साबणानं धुऊन काढा तिला. मी निघाले."

आशाबाई बादली भरते तोवर रंगी झोकांड्या खात रस्त्यावर गेली. नाकाला रक्त, तोंडाला फेस. गावाला आणखी काय पाहिजे?

"पिसाळली! पिसाळली!"

मागच्या वर्षी पिसाळलेलं कुत्रं चावून गावातला एक माणूस गेला होता. लोकांची भीती खोटी नव्हती. काठ्या निघाल्या. सगळ्यांत पुढं धनराज, आणि त्याच्या मागं कोण, तर मुखरू!

रंगी रस्त्यातच कोसळली. आशाबाई धावत जाऊन तिच्यापुढं उभी राहिली. "मारू नोका! पिसाळली नाई ते. मीनं पऱ्हाटीचं औषध लावलं तिले."

"बाजूले हो, बाई," धनराज म्हणाला. "फेस दिसून राह्यला नं. कुत्रीसाठी काऊन खोटं बोलून राह्यली?"

आशाबाईनं मुखरूकडं पाहिलं. हा माणूस काठी धरून उभा! नजर रंगीवर, चेहरा पांढराफटक. तिच्या अंगाची आग आग झाली. "मुखरूभाऊ, बोल नं! बाटली कोनं देल्ली?"

धनराजनं काठी उगारली.

"मीनं," मुखरू म्हणाला. त्यानं धनराजचा हात धरला. "मीनं देल्ली. बाई खरं बोलून राह्यली."

मग काठ्या खाली झाल्या. आशाबाईनं आणि मुखरूनं हातांना पिशव्या बांधल्या आणि रंगीला पुन्हा पुन्हा धुतलं. तेवढ्यात स्वाती मॅडम गाडीवरून आल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू थरथर कमी झाली. आशाबाईला रडूच फुटलं. मॅडमनी रंगीचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"विष उतरेल," त्या म्हणाल्या. "पण गोचिडीचा ताप रक्तात आहे. महिनाभर गोळ्या द्याव्या लागतील. एकही चुकवू नका."

मुखरू अजून तिथंच होता. "मॅडम, ह्या औषधानं कुत्रं मरते?"

"मरतं. हिला वेळेवर धुतलं म्हणून वाचली."

"असंच थरथरून?"

"हो."

मुखरू मटकन खाली बसला. आशाबाईच्या ओठावर त्याच्यासाठी दोन शिव्या तयार होत्या, त्या तिनं गिळल्या.

"माही कुत्री, चंपी, मागच्या मंगळवारी अशीच गेली," तो म्हणाला. "मले वाटलं, गोचिडीच्या तापानं गेली. औषध लावलं तं थरथरून राह्यली. मले वाटलं, कमी पडलं असंन. मंग मीनं अजून लावलं."