मडगार्डवरचा हात

टोकरखाड्याच्या आमच्या वसाहतीत रविवारी सकाळी घराघरातून वेगळा वास येतो. कुणाकडे पोह्यांचा, कुणाकडे ढोकळ्यावरच्या फोडणीचा. आमच्याकडून येतो पेट्रोलचा. लग्न होऊन मी कोकणातून सिल्वासाला आले, इथल्याच शाळेत शिकवता शिकवता निवृत्त झाले, पण हा वास काही सुटला नाही. आमचे हे सरकारी कचेरीत होते. नोकरी संपली, गाडी राहिली. चोक ओढून सुरू करायची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली जुनी गाडी.

तिचा कार्बोरेटर खोलायचा दिवस म्हणजे घरातलं कार्यच. व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरायचं, माझी स्टीलची एक वाटी पळवायची, तीत पेट्रोल ओतून पितळेचे जेट बुडवून ठेवायचे. जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा तुकडा आणि त्याला आरपार केसाएवढं भोक. त्यातून पेट्रोल नीट गेलं तर गाडी गाडी, नाहीतर पत्रा. एकदा भोकात कचरा अडकला म्हणून मी सेफ्टीपिन पुढे केली, तर हे असे ओरडले की मी जणू कुणाच्या डोळ्यात खुपसायला निघाले होते. पिनेने भोक मोठं होतं, म्हणे. फक्त फुंकर मारायची. मग एक डोळा मिटून जेट उजेडाकडे धरायचा, आणि त्या भोकातून सकाळ दिसली की काम झालं. वाटी मात्र स्वयंपाकघरात परत घेत नाही मी.

पुढचं सगळं कानाचं. इंजिन सुरू करायचं, मान तिरकी करायची आणि हवेचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवायचा. आवाज चढतो, घसरतो, आणि मध्येच एक जागा येते जिथे तो एकसारखा होतो. ती जागा सापडली की ह्यांचा चेहरा झोपेत हसणाऱ्या माणसासारखा होई. मी आत भाजी चिरताना गुणगुणत असे. ‘वर जाताना घसरतेस,’ असं हे बाहेरून सांगत. इंजिन घरघरत असताना माझा सूर ह्यांना कसा ऐकू जाई देव जाणे, पण मला राग यायचा. ‘ज्या दिवशी ह्या गाडीचा आवाज कळणार नाही त्या दिवशी विकून टाकीन,’ हे म्हणत. मी म्हणे, ‘तो दिवस लवकर उजाडो.’

मग आम्ही खानवेलच्या रस्त्याला लागायचो. दोन्ही बाजूंना उंच झाडं, वर पानांचं छत. उन्हाचे कवडसे बॉनेटवरून काचेवर, काचेवरून आमच्या मांडीवर सरकत. वाटायचं, आपण जागच्या जागी आहोत आणि झाडंच सावकाश कुठेतरी निघाली आहेत.

गेल्या हिवाळ्यात असाच एक रविवार होता. मी पोळ्या करत होते आणि बाहेर इंजिन किंचाळायला लागलं. धावत गेले, तर हे शांतपणे स्क्रू पिळतायत, आणखी पिळतायत. ‘मंद पडतेय गं, बंद पडेल,’ म्हणाले. शेजारचा धुळ्याचा गृहस्थ मसाटच्या कारखान्यातली रात्रपाळी करून नुकता झोपला होता, तो बनियनवरच बाहेर आला. ‘काका, काय करी ऱ्हायनात? गाडी फाटी जाई ना!’ मी आत हात घालून चावी फिरवली. इंजिनापुढचा पंखा थांबला. ह्यांनी थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

‘बंद पडली ना?’ ह्यांनी विचारलं. तेव्हा मला कळलं, आणि त्यांनाही.

डॉक्टरांनी कानात मशीन बसवून दिलं. माणसांचं बोलणं त्यातून बरंच कळतं. इंजिन मात्र पत्र्यावर रेती ओतल्यासारखं वाजतं, असं हे म्हणाले आणि गाडीजवळ गेले की मशीन काढून खिशात ठेवू लागले. मग एके दिवशी चहा पिताना सहज म्हणाले, ‘गाडी विकू या.’ इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं आणि मी उठून कप विसळायला घेतले. पुढचे रविवार आमच्याही घराला पोह्यांचाच वास होता. हे खुर्चीत, हात मांडीवर, नजर बंद बॉनेटवर. गाडी गेली की हा माणूसही थोडा थोडा विझत जाईल, अशी मला भीती वाटू लागली.

शेवटी मीच स्क्रूड्रायव्हर आणून ह्यांच्या हातात कोंबला. ‘अहो, उठा. ऐकायचं काम माझं.’

‘तुला काय कळतंय त्यातलं?’

‘दूध उतू जाणं, शेवटच्या बाकावरची कुजबुज, सगळं पाठमोरीच ऐकत आलेय मी. उठा म्हणते ना!’

गाडी सुरू केली, तर आवाज सारखा वर-खाली होत होता. मी वाकले. घरघरीच्या खाली बारीक शूऽऽ येत होतं, कुकरची रिंग गेली की येतं तसं. कार्बोरेटरच्या बुडाशी बोट दाखवलं. ह्यांनी तिथे तेलाचे थेंब सोडले आणि इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चालायला लागलं. दोन भागांच्या सांध्यात बसवतात ते गॅस्केट फाटलं होतं, तिथून हवा आत जात होती. हे इतके हसले की मशीन खिशातून खाली पडलं. आमली भागातल्या दुकानात तसं गॅस्केट मिळेना, मग ह्यांनी जाड कागदी शीट आणून त्यातून माझ्याच कात्रीने ते कापलं. कात्रीही गेली.

आता आमची पद्धत ठरली आहे. आवाज चढला की मी तळवा वर नेते, घसरला की खाली, जुळला की आडवा धरते. ह्यांचा उजवा हात स्क्रूवर, डावा मडगार्डच्या थरथरत्या पत्र्यावर. सुरुवातीला हे माझ्या तळव्याकडे टक लावून बघत. हल्ली डोळे मिटून घेतात, आणि माझा तळवा आडवा होतो न होतो तोच ह्यांचा उजवा हात थांबलेला असतो.

परवाच्या रविवारी जेट उन्हात वाळत ठेवून हे हात धुवायला आत आले. मशीन खिशातच होतं. मी तव्यापाशी गुणगुणत होते, बऱ्याच दिवसांनी. माझ्या पाठीवर ह्यांचा तळवा टेकला, पेट्रोलच्या वासाचा. मी गप्प झाले.

‘बंद का केलंस?’

मी पुन्हा सुरू केलं. तळवा हलला नाही. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी मी गातच राहिले. वरच्या सुराशी आले तेव्हा तळवा किंचित दाबला गेला.

‘इथे,’ हे म्हणाले, ‘इथे अजून घसरतेस.’