गोणपाटावर ठेवलेले दगड

पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, प्रचाराची ई-रिक्षा भोंगा वाजवत आमच्या गोमती नगरच्या गल्लीत शिरली, की बायको मुकाट्यानं खिडकी लावून घेते. तिला ठाऊक असतं, आता यांना ती घटना आठवणार आणि ताटातलं अन्न तसंच राहणार.

मी मूळचा नागपूरचा. वडील बँकेच्या बदलीवर लखनौला आले आणि मी इथल्याच पोलिसात लागलो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मनात रुतून बसलं ते एका होडीचं प्रकरण. नावं सांगत नाही. त्यातली माणसं अजून आहेत.

गोमतीच्या वळणात एक छोटा टापू आहे. चारी बाजूंनी पाणी, मध्ये थोडी घरं, एक शाळा, एक देऊळ. शहराच्या हद्दीत नव्यानंच आलेला, म्हणून पार्षदाची ही त्यांची पहिलीच निवडणूक होती. मुद्दा एकच, पूल. एक उमेदवार म्हणे, मला निवडून द्या, पूल आणतो. दुसरा म्हणे, पूल आला की बिल्डर येतील, तुमच्या जमिनी जातील. पूलवाल्याची मतं मुख्यतः शहरात मजुरीला राहणाऱ्या तरुणांची. ते सगळे मतदानाच्या सकाळी घरी येणार होते, आणि येण्याचं साधन एकच: एका म्हाताऱ्या नावाड्याची होडी.

त्या सकाळी घाटावर होडी नव्हती!

शहराकडच्या काठावर तरुण ओरडत होते, इकडे टापूवर शाळेत मतदान सुरू होतं. केंद्रावरच्या शिपायानं वायरलेस केला, मी बचाव पथकाची बोट मागवली. बोट येते असं उत्तर आलं, पण सरकारी ‘येते’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. दोघे-तिघे धाडस करून ट्रकच्या ट्यूबवर बसून आले. तेवढ्यात बातमी आली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या एका मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात आणि रक्त थांबत नाहीये. दाईनं हात टेकले होते. आता मला सांगा, अशा बाईला ट्यूबवर कोण घालणार?

बोट पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगी कळवळून संपली होती. तान्ही पोर तेवढी जिवंत हाती लागली.

ती मुलगी त्या नावाड्याचीच. आईविना त्यानं एकट्यानं वाढवलेली.

मतदान थांबवावं लागलं. लोक पिसाळले. पूलविरोधी उमेदवाराचा पुतण्या आदल्या संध्याकाळी घाटावर दिसला होता, एवढं पुरलं. त्याला ठाण्यात आणलं नसतं तर जमावानं त्याचा जीव घेतला असता. पोरगा माझ्यापुढे हात जोडून रडत होता, “साहब, दारू प्यायला गेलो होतो. होडीला हात लावला नाही. आईची शपथ.” रडणाऱ्या माणसावर पोलीस चटकन विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नाही, पण त्याला मारूही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या एका मच्छीमारानं चौकीत येऊन खबर दिली. टापूच्या मागच्या बाजूला, जलपर्णीच्या दाटीत पाण्याखाली होडीचं टोक दिसतंय. आम्ही पंच घेऊन गेलो. दगड भरून बुडवलेली होडी काढायला सात-आठ जणांना जोर लावावा लागला.

माझा दरोगा, म्हणजे उपनिरीक्षक, पंचनामा लिहिता लिहिता खुशीत म्हणाला, “सर, नुकसान काहीच नाही. एक फळीसुद्धा फुटलेली नाही.”

मी तिथेच थबकलो. वैर काढणारा माणूस कुऱ्हाड घालतो. इथे तर दगडांखाली गोणपाट अंथरलं होतं. वल्ही काठावर झुडपात, कोरडी, कापडात गुंडाळलेली. ज्यानं ही होडी बुडवली, त्याला ती पुन्हा चालवायची होती.

खोटं कशाला सांगू, तेव्हा वाटलं, आपला अंदाज चुकावा.

मुलीचे अंत्यसंस्कार उरकल्यावर नावाड्याला ठाण्यात बोलावलं. कोठडीत नाही, व्हरांड्यात बसवलं. चहा दिला, तो त्यानं तसाच हातात धरला. होडी कुणी नेली, हे मी विचारलंच नाही. सहज म्हणालो, “बाबा, दगड नुसते टाकले असते तरी होडी बुडाली असती. खाली गोणपाट कशाला?”

“फळ्या घासतात ना, साहब,” तो म्हणाला.

आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. चहाचा कप खाली ठेवला. पुढचं मी न विचारताच आलं.

“पूल झाला असता तर होडीत कोण बसलं असतं? बापाची होडी होती, त्याच्याही बापाची. मला कुणी सांगितलं नाही, पढवलं नाही. म्हटलं, एक दिवस बुडवून ठेवू, संध्याकाळी काढू. बिटियाला अजून पंधरवडा होता.”

“कळा सुरू झाल्यावर काढायची ना!”

“गेलो होतो. एकटा गेलो. बुड्या मारून दगड काढले. हलेना.”

“अरे, शाळेपुढे अख्खं गाव रांगेत उभं होतं!”

“हो. हाक मारली असती तर सगळे धावले असते. पण हाक मारली असती तर सगळ्यांना कळलं असतं.”

“मग काय केलंस?”

“मग आणखी एक दगड काढला.”

दरोगा उठून आवारात निघून गेला. जबाब मीच माझ्या हातानं लिहून घेतला, पुतण्याला सोडून दिलं आणि म्हाताऱ्यावर गुन्हा दाखल केला. त्यानं कोर्टात एक शब्दही नाकारला नाही. आपण म्हणतो, पायावर धोंडा पाडून घेतला. या माणसानं तो गोणपाटावर हळुवार ठेवला होता.

होडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पडून राहिली. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की सुकून तडकते. शिक्षा भोगून तो कोर्टाचा हुकूम घेऊन आला तेव्हा तिच्या फटींतून पलीकडची भिंत दिसत होती. त्यानं फळीवर हात फिरवला आणि मला म्हणाला, “थंडीत शिपायांना शेकायला होईल.” नात जावयाकडे वाढत होती. जावयानं त्याला दार बंद केलं होतं. त्याला दोष कसा द्यायचा?

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच: गुन्हा करताना माणसाला वाटतं, हे आपल्याला केव्हाही मागे घेता येईल. येतं की, बऱ्याचदा येतं. पण त्यासाठी चार लोकांसमोर तोंड उघडावं लागतं, आणि तिथेच माणूस मरतो. कधी त्याच्याऐवजी दुसरं कुणी मरतं. निवृत्तीनंतरही मला या म्हाताऱ्याचा राग येतो, आणि त्याच रागात डोळे भरून येतात.

पूल झाला. अरुंद आहे, दोन ई-रिक्षा समोरासमोर आल्या की सगळं अडतं. मागच्या महिन्यात मी मुद्दाम गेलो होतो. म्हातारा पुलाच्या तोंडाशी ओट्यावर बसलेला. पानवाला म्हणाला, दिवसभर असाच बसतो, कुणाशी बोलत नाही. मी समोर उभा राहिलो, त्यानं ओळख दिली नाही.

तेवढ्यात टापूकडून एक ई-रिक्षा आली. आत पोट धरून कण्हणारी बाई, शेजारी घाबरलेली सासू. पुलावर नेहमीसारखी कोंडी. म्हातारा ताडकन उठला आणि दोन्ही हात पसरून गर्दीत घुसला.

“हटो! सब हटो! बिटिया को जाने दो!”

स्कूटर बाजूला झाल्या, हातगाडी मागे सरली, पानवालाही धावला. बघता बघता वाट मोकळी झाली. नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल, एवढा मोठा आवाज होता त्या माणसाला.