विनताबाईंचा रिकामा खिळा

विनताबाईंनी रजा घेतली म्हणून गोहलपुरात पेढे वाटले गेले. खरं वाटत नसेल, तर आधी त्या पाटीबद्दल सांगावं लागेल.

गोहलपुर हा हिंदी मुलखातल्या एका शहराचा मोहल्ला. तिथं चार खोल्यांची मराठी शाळा होती. पोरांचे बाप बहुतेक तोफांच्या नाहीतर गोळ्यांच्या कारखान्यात. विनताबाई चौथीला शिकवत. वय चौतीस, आवाज खणखणीत, लग्न राहून गेलेलं. मागल्या वर्षी मुरलीधर गुरुजी कोणाला न सांगता चार दिवस गायब झाले अन् तिसरीची पोरं व्हरांड्यात गोट्या खेळत बसली. पालक जाब विचारायला आले, तर हेडमास्तर भय्यासाहेब तडकले, "रजा हा मास्तरांचा हक्क आहे. तुम्ही कोण विचारणारे?"

"विचारू द्या ना," विनताबाई मागून बोलल्या. "हक्क आपला असंल, पोरं तर त्यांची आहेत. येणार नसाल तर आधी सांगा, एवढंच म्हणून राहिले ते."

पालकांतल्या गणपत टर्नरला हे इतकं पटलं की त्यानं पितळेची चार टोकनं कापली, कारखान्यात हजेरीला असतात तशी. पितळ घरच्या फुटक्या परातीचं होतं, कारखान्याचं नव्हतं. हे तो न विचारता सगळ्यांना सांगे. शाळेच्या दारात चार खिळ्यांची पाटी लागली. मास्तर आले की टोकन टांगायचं. खिळा रिकामा म्हणजे मास्तर रजेवर. आईबाप रस्त्यावरूनच पाहून घेत. तिसरा खिळा विनताबाईंचा, तो वर्षभरात एकदाही रिकामा दिसला नाही.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. लढाई लागली. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, रजा बंद. भय्यासाहेबांनाही जोर चढला, त्यांनी शाळेतही रजा बंदचा कागद डकवला. पालक खूश. अन् नेमकी त्याच आठवड्यात विनताबाईंना शुक्रवारी रजा पाहिजे होती, स्वतःच्या लग्नासाठी.

नवरदेव कुंडम गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर श्रीकांत. त्या गडबडीत त्यांना कसेबसे दोन दिवस मिळाले होते. ते हुकले तर पुढं केव्हा, कोणालाच माहीत नव्हतं.

"माझ्या बारा किरकोळ रजा शिल्लक आहेत, साहेब. एकतीस तारखेला बुडतील."

"ते ठीक आहे हो, पण पालकांना काय सांगू? पाटी तुमच्याच बोलण्यानं लागली."

"मीच सांगते. ते नाही म्हणाले तर नाही जात."

गुरुवारी शाळा भरायच्या वेळी त्या फाटकात उभ्या राहिल्या. आवाज मात्र आज खणखणला नाही. "उद्या मला रजा पाहिजे."

चौथीतल्या एका पोराची आई मीरा पुढं सरकली; तिचा नवरा लढाई लागल्यापासून घरी धड जेवला नव्हता. "काहून जी? आमच्या घरच्याले रविवार नाही भेटून राहिला, अन् तुमाले रजा?"

"लग्न आहे."

"लग्नं तर होतच राहतात, बाई. कोणाचं?"

"माझं."

मीराच्या हातातली भाजीची पिशवीच खाली आली. "अगं माय! मग उद्याची वाट काहून पाहता? आजच जा ना!"

एवढा हशा झाला की भय्यासाहेब खिडकीत आले. मागून एक म्हातारा ओरडला, "दीदी, लड़का क्या करता है?"

"दवाखान्यात औषध देतो."

"अच्छा! चलो, पास!"

"पण चौथीचं काय?" विनताबाईंनी विचारलं.

"मी घेतो," गणपत म्हणाला. "रातपाळी करून येतो."

"अन् झोप?"

"ती लढाईनंतर."

शुक्रवारी सकाळी त्याच शहरातल्या गोरखपुर मोहल्ल्यात अक्षता पडल्या. दुपारी सायकलरिक्षा घराकडं वळणार, तोच विनताबाई म्हणाल्या, "भैया, आधी गोहलपुर."

श्रीकांतांनी विचारलं, "विसरलं काही?"

"वर्ग पाहून येते."

वर्गात गणपतनं टेबलावर एक कोहळं ठेवलं होतं अन् पोरं दोऱ्यानं त्याचा घेर मोजून राहिली होती. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, त्यावर भांडण. विनताबाई दारातच हसल्या. निरोप द्यायला गणपत अन् पोरं शाळेच्या दारापर्यंत आली, तेव्हा त्यांची नजर पाटीवर गेली. तिसऱ्या खिळ्यावर टोकन लटकत होतं.

"हे कोणी टांगलं?"

गणपत लाजला. "मीच, बाई. शुभाचा दिवस, तुमचा खिळा ओका बरा नाही वाटला."

"गणपतभाऊ, कारखान्यात कोणी दुसऱ्याचं टोकन टांगलं तर?"

"नोकरी जाते."

"मग? तुम्हाला विचारून घेतलेली रजा आहे ही. चोरासारखी झाकता काहून?" त्यांनी टोकन काढून शालूच्या पदराला बांधलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

मीरा पेढे घेऊन आली होती. तोंडात पेढा असतानाच तिनं फर्मान काढलं, "उद्याची पण घ्या."

"उद्याचा अर्ज नाही दिला."

"आम्ही देतो ना!" तिनं एका पोराच्या वहीचं पान टरकन फाडलं. गणपतनं लिहिलं, पोरांना न्यायला आलेल्या पालकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले: आमच्या बाईंना शनिवारी रजा मिळावी, पोरं आम्ही पाहू.

बाईंसाठी पालकांनी केलेला अर्ज भय्यासाहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला, पेढा खाल्ला अन् सही ठोकली.

शनिवारी रस्त्यानं जाणारा जो-तो तिसऱ्या खिळ्याकडं पाहून हसत गेला. सोमवारी विनताबाई शालूची घडी घेऊनच शाळेत आल्या; टोकन बांधलेली पदराची गाठ काही केल्या सुटेना. शाळा भरायला पाच मिनिटं उरली, तेव्हा मीरानं ती दातांनी सोडवली.