लटारीमामांनी रेखलेले डोळे

लाकडी बैलाचा डोळा रेखायला घेतला की लटारीमामा श्वास रोखून धरायचे. आणि गंमत अशी, की समोर बसलेला माणूसही नकळत रोखायचा. सुभद्रामामींची चुलीपाशी चाललेली भांड्यांची आदळआपट थांबायची. रेघ पुरी झाली की सगळी ओसरी एकदम सुस्कारा टाकायची, आणि मामा म्हणायचे, "पाह्य, पाहून राह्यला का नाई तुह्याकडं!"

खरोखरच पाहायचा. आमच्या हिंगणीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत आणतात. मामा वर्षभर वांगी-टमाटे पिकवायचे, पण श्रावण लागला की मळा मामींवर टाकून ओसरीत बैल घेऊन बसायचे. गावातले बहुतेक बैल त्यांनीच कोरलेले, आणि दर पोळ्याला ते नव्या रंगासाठी त्यांच्याकडेच परत यायचे. माझाही यायचा. नोकरीसाठी वर्ध्याला गेल्यावरही मी तो पिशवीत घालून बसनं आणायची. "रंग कोनीबी मारते," मामा म्हणायचे, "डोया पाह्यते का नाई तेवढं सांग." स्वभाव तिरसट. कुणी घाई केलीच, तर "मंग बाजारातून प्लास्टिकचा आन" म्हणून बैल हातात परत द्यायचे.

साठी उलटली आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. वर्ध्याला डॉक्टरांकडे मीच नेलं. कंपवात निघाला. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर मामांनी एवढंच विचारलं, "पोळ्यापरेंत राह्यते ना आटोक्यात?"

मग त्यांनी काय काय करून पाहिलं! गोळी घेतल्यावर हात जरा निवायचा, तेवढ्यात डोळा उरकायचा. मनगटाला वाळूची थैली बांधली. डावा हात वळवून पाहिला. मामींनी जाड कागद कापून डोळ्याचा साचा करून दिला. साच्यातून डोळा अगदी रेखीव उतरला. मी हुरळून म्हटलं, "मामा, जमून राह्यलं की!" त्यांनी बैल हातभर लांब धरला. "हा मेलेल्या बैलाचा डोया हाय," म्हणाले आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकला. तरी पुढचा पोळा आणि त्याच्या पुढचाही त्यांनी थैली बांधून निभावला.

नंतरच्या वर्षी मात्र घात झाला. मामांची जुनी रीत अशी, की आलेले सगळे बैल आधी काचकागदानं घासून कोरे करायचे, डोळ्यांसकट, आणि मगच रंगाला बसायचं. त्या वर्षीही त्यांनी तेच केलं. अंगाचा रंग कसाबसा बसला. डोळ्याला कुंचला टेकला आणि रेघ घसरली. पुसली, पुन्हा घसरली. गोळी घेतली, थांबले, पुन्हा बसले. बस हुकल्यामुळे मी दुसऱ्या दिवशी पोचले, तर ओसरीत पांढरे बैल ओळीनं उभे होते आणि एकालाही डोळे नव्हते.

"चांगले डोये होते पोरी," मामा म्हणाले. "म्याच घासले."

माझा बैल तेवढा वाचला होता. त्यांनी पिशवीतून तो बाहेरसुद्धा काढू दिला नाही. "याले कोनालेच घासू देजो नोको. माह्या हातचा एवढाच राह्यला आता."

गावानं त्यांना बोल लावला नाही. लोकांनी बाजारातून चिकटवायचे डोळे आणले. बुबुळं हलणारे ते डोळे पोरांना आवडलेही. मला त्याचा अजून राग येतो, पण कुणावर ते कळत नाही. मामा तान्ह्या पोळ्याला जायचे बंद झाले.

मी बैल जपला. कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. यंदा श्रावणात सहज उघडला, तर एका डोळ्याचा रंग पोपडा धरून सुटलेला. अर्धं बुबुळ कापडालाच चिकटून आलं. तशीच बस धरून हिंगणीला गेले.

मामा खाटेवर बसले होते. आता त्यांचा चेहराही फारसा हलत नाही. बैल मांडीवर घेऊन त्यांनी सुटलेला डोळा निरखला. मला वाटलं, माझ्यावर चिडतील.

"तुह्यी काई चूक नाई," ते म्हणाले. आवाज इतका खोल गेलेला, की मला वाकावं लागलं. "डोया दरसाल नवा रेखा लागते. ठेवल्यानं नाई टिकत." मग मामींकडे वळून म्हणाले, "कुंचला आन वो."

मामींनी माझ्याकडे पाहिलं, पण कुंचला आणून दिला, काळा रंग कालवून दिला. मी बैल दोन्ही हातांनी घट्ट धरला. मामांनी श्वास रोखला. सवयीनं मीही रोखला. चुलीपाशी मामी भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सगळं थांबलं, मामांचा हात तेवढा थांबला नाही.

रंगाचा एक थेंब माझ्या बोटावर पडला. मामांनी श्वास सोडला आणि कुंचला खाली ठेवला.

"घासून टाक पोरी," ते म्हणाले. "आन् बाजारातले लाव."