मुग्धाला पीटीने अडवलं!

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या किराणा दुकानात माल येतो आणि जातो. किस्से मात्र येतात आणि बसून राहतात. त्यातल्या त्यात दोन हजार चार सालचे, म्हणजे आमची मुलगी मुग्धा बारावीत अडकली तेव्हाचे, मला अजून नीट उलगडलेले नाहीत. मी स्वतः कराडला दहावीपर्यंतच शिकलो, तेव्हा चूक माझीही असेल. तुम्हीच ठरवा.

*

कौन्सेलरबाईंनी शाळेत बोलावलं. मला वाटलं, सत्कार असणार. ऑस्टिनच्या कॉलेजात ॲडमिशन मिळालेली, फिजिक्समध्ये पहिली!

बाई म्हणाल्या, "पीटीचं क्रेडिट नाही. ते झाल्याशिवाय शाळेचं ग्रॅज्युएशन नाही. आणि ग्रॅज्युएशन नाही तर कॉलेजही नाही."

"अहो, पण फिजिक्स..."

"फिजिक्सने तिला अडवलेलं नाही."

आमच्या कराडच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांचा जादा तास. त्यामुळे मुग्धा नववीत असताना मी पीटीच्या दिवशी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून द्यायचो, म्हणजे पोरगी लायब्ररीत बसून अभ्यास करेल. बाईंनी त्या सगळ्या चिठ्ठ्या फाइलमधून काढून टेबलावर मांडल्या.

"एका वर्षात तेवीस उपवास?"

मी म्हटलं, "आम्ही फार धार्मिक आहोत."

मुग्धाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. ती बरीच जोरात होती. मला वाटलं, क्रेडिट इथेच द्यायला हरकत नाही!

*

शेवटच्या सेमिस्टरला मुग्धाला नववीच्या पोरांबरोबर पीटीला बसवलं. दुकानात बातमी पसरली. देशपांडे काका तेल कंपनीत इंजिनियर, दर शनिवारी तांदळाच्या पोत्याला टेकून सल्ले देणार. म्हणाले, "ट्यूशन लावा."

"पीटीची?"

"पुस्तक आहे ना? मग ट्यूशन असतेच!"

आणि खरंच पुस्तक होतं हो! हृदयाचे कप्पे, स्नायूंची नावं, नाडीच्या ठोक्यांसाठी दोनशेवीस वजा वय. काकांनी दोन शनिवार शिकवलं. लेखी परीक्षेत शंभरपैकी शंभर! मग एक मैल पळायला लावलं, त्यात मुग्धा सगळ्यांत शेवटी.

काका म्हणाले, "थिअरी पक्की, पायात काही नाही. ही मॅनेजर होणार यार!"

*

मग आला स्क्वेअर डान्स, म्हणजे जोडीजोडीने करायचा इथला लोकनाच. पीटीत नाच! माझी बायको सुनंदा म्हणाली, "नाचायलाच पाठवायचं होतं तर तेवीस उपवास कशाला?"

घरी जागा नाही, म्हणून मुग्धा दुकानातच डाळींच्या आणि मसाल्यांच्या रॅकांमधल्या जागेत प्रॅक्टिस करायची. पार्टनर मी. एका रविवारी एक गुजराती बेन पनीर घ्यायला आल्या. त्यांनी पाहिलं, पर्स काउंटरवर ठेवली आणि सामील झाल्या. मागून त्यांच्या दोन नणंदा. दहा मिनिटांत डाळीच्या रॅकभोवती गरबा रंगला!

दुसऱ्या दिवशी परीक्षेत मुग्धाने पार्टनरचा हात धरायचा सोडून त्याला टाळी दिली. पीटी शिकवणाऱ्या कोचबाईंनी शेरा लिहिला : "उत्साह उत्तम. नाच कुठला, ते कळलं नाही."

*

मी म्हटलं, आता आपणच कोचबाईंना भेटलं पाहिजे. बेसनाचे लाडू घेऊन गेलो. त्यांनी डबा फिरवून फिरवून पाहिला.

"यावर लेबल नाही. कॅलरी किती?"

"अहो, घरचे आहेत."

"घरच्यात कॅलरी नसतात?"

"आजवर तरी आढळल्या नाहीत."

त्यांनी एक लाडू खाल्ला, मग दुसरा. मार्क एकही वाढवला नाही.

*

शेवटी फायनल प्रोजेक्ट. घरातला एक मोठा माणूस निवडायचा, त्याला सहा आठवडे चालायला लावायचं, रोज नोंद ठेवायची आणि शेवटी त्याला शाळेच्या ट्रॅकवर एक मैल चालवून दाखवायचं. सुनंदा आधीच रोज चालते, म्हणून माणूस मी.

आता पहाटे भाजीचा ट्रक येतो, तेव्हा दुकानदाराने चालावं कधी? मी बूट घालायचो, कोपऱ्यापर्यंत चालत जायचो, तिथे आदल्या दिवशी लावून ठेवलेल्या गाडीत बसायचो आणि दुकान गाठायचो. कोथिंबीर निवडून परत.

"बाबा, हाऊ मच?"

"दोन मैल!"

ती मुकाट्याने लिहून घ्यायची. पोरीचे मार्क वाढत होते, मला वाईट कशाला वाटेल?

परीक्षेचा दिवस. टेक्सासचं ऊन. एक मैल चालायला मला पंचवीस मिनिटं लागली, आणि शेवटी कठड्याला धरून उभा राहिलो.

कोचबाईंनी घड्याळ पाहिलं, मुग्धाची वही पाहिली, मग मला पाहिलं. "सहा आठवडे, रोज दोन मैल?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"मार्क वेळेला नाहीत, नोंदीला आहेत. नोंद खोटी निघाली तर शून्य."

शून्य! म्हणजे क्रेडिट गेलं, कॉलेज गेलं, आणि घालवलं कोणी तर बापाने! मी कसाबसा म्हणालो, "मॅडम, हिचा काही दोष नाही. मीच..."

"कोच, प्लीज टर्न द पेज," मुग्धा म्हणाली.

कोचबाईंनी पान उलटलं. दोन रकाने. एकाला मथळा 'बाबा म्हणाले', दुसऱ्याला 'खरं'. बाई मोठ्याने वाचायला लागल्या.

"बाबा म्हणाले : दोन मैल. खरं : गवत ओलं, बूट कोरडे. अंगाला कोथिंबिरीचा वास."

"बाबा म्हणाले : दोन मैल. खरं : गाडीचं बॉनेट गरम."

असं दोन आठवडे. मग तिसऱ्या आठवड्यापासून : "योजनेत बदल. गाडीची किल्ली लपवली. बाबा घरभर शोधत फिरले, वरखाली अकरा वेळा जिना. अंदाजे अर्धा मैल. नाडी उत्तम."

आणि मी महिनाभर सुनंदाला म्हणत होतो, की वयोमानाने मला विसरायला होतंय!

कोचबाई इतक्या हसल्या की शिट्टी गळ्यातून निसटली. त्यांनी वहीवर भलामोठा 'ए' काढला, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "सर, आता घरी कसे जाणार?"

मी किल्लीसाठी खिसे चाचपले. मुग्धा गेटपर्यंत पोचलीसुद्धा होती. चालत.