बरोबर उत्तराचा चहा

कोपरगावजवळच्या साखर कारखान्याच्या फाटकासमोर मी रोज सकाळी चहा प्यायचो, तिथे कारखान्यातला एक तरुण दिसायचा. बॉयलरवर कामाला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि त्याला आफ्रिकेत, मोंबासाला नोकरी करायची होती. पण बॉयलरचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट नसेल तर तिकडे कोणी दारात उभं करत नसे. त्याची तोंडी परीक्षा मुंबईत, साहेबापुढे, इंग्रजीत. एकदा तो तिथे अडखळून नापास झाला होता.

म्हणून चहावाले चाचा साहेब व्हायचे. कोळशाच्या पोत्यावर बसून दरडावायचे, "बॉयलरच्या काचंत पानी दिसंना. काय करशील?"

तो ताठ उभा राहून इंग्रजीत उत्तर द्यायचा. चाचांना त्यातलं अक्षर कळत नसे. अडखळला नाही की उत्तर बरोबर, आणि बरोबर उत्तराला एक कप चहा. तो हात पुढे करायचा, चाचा कप द्यायचे. एवढा कडक परीक्षक मुंबईतही नसेल, असं मला वाटे.

मुंबईहून तो हसतच परतला.

"साहेबानं नेमकं काचंतल्या पान्याचंच इचारलं. मी धडाधड सांगितलं, आन् सवयीनं हात फुडं केला!"

"मंग?" चाचांनी विचारलं.

"साहेब बघतच ऱ्हायला. मंग उठला, माजा हात धरून जोरात हालवला आन् पास म्हनला."

आम्ही पोट धरून हसलो. चाचा मात्र गंभीर होते. त्यांनी किटली उचलून कप भरला.

"म्हंजी त्या उत्तराचा चहा ऱ्हायलाच की तुजा."

तो कप त्याने ताठ उभा राहून घेतला.