पोहता येणारा तारी

खाडीपलीकडच्या शाळेत मी शिकवतो, म्हणून रोज होडीने जातो. होडी वल्हवणाऱ्याला आमच्याकडे तारी म्हणतात. हा तारी साठीचा, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. पलीकडे पोचलं की गुडघाभर पाण्यात उतरतो आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत होडी धरून उभा राहतो. बोलतो फार कमी.

परवा मी एकटाच होतो. मध्यावर त्याने वल्हं थांबवलं आणि अवघडून म्हणाला, "मास्तर, येशून माका तारल्यान. तुमका पण तारतलो."

मला वाटलं, हा कधीतरी वादळात सापडला असेल. मी विचारलं, "खंय बुडललास?"

"खंयच नाय. माका पेवाक येता," तो म्हणाला; पेवाक म्हणजे पोहायला. "म्हणान तर ह्या समजाक इतकी वर्सां गेली."

तो पुन्हा वल्हवू लागला. मी गावदेव रवळनाथाला गाऱ्हाणं घालणारा. मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

तेव्हापासून होडीत बसलो की मी काठ घट्ट धरतो. पोहता तर मलाही येतं.